उंबरा वाजलाच नाही

नातीवर पहारा ठेवायला मी एक वाजणारा उंबरा करून घेतला होता, आणि तोही तिच्याच हातून. लोक कुलूप आणतात, कुत्रं पाळतात. मी उंबऱ्यावर पट्टी बसवून घेतली. पट्टीवर पाय पडला की भिंतीवरची सेलवर चालणारी डबी 'टुंग' करायची आणि तिच्यातला पिवळा दिवा लागायचा. दुपारी माझा डोळा लागलेला असताना पोरगी खोलीबाहेर पडली तर मला जाग यावी, एवढाच हेतू. बंदोबस्त चोख होता. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही. ही पोरगी पाऊल टाकायला लागली तेव्हापासून मीच तिला बजावत आले होते, की उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, तिथं लक्ष्मी बसते, ओलांडून जायचं. आणि ती गुणाची पोर दोन महिने रोज दुपारी उंबरा ओलांडून जात राहिली.

तो उंबरा दिवसातून एकदाच वाजायचा. सकाळी मी त्याला हळदकुंकू लावायची तेव्हा. 'टुंग' झालं की मी मान डोलवायची. चला, यंत्र चालू हाय.

तेव्हा मी बासष्टची होते. नुकतीच वयात आलेली म्हातारी. त्या वयात बाईला वाटतं, आता आपल्याला सगळं कळून चुकलंय. पुढं सत्तरीत तो ताप हळूहळू उतरतो. माझा अजून पुरता उतरलेला नाही, असं सूनबाई म्हणते.

हे सगळं आठवायला कारण झालं आमच्या शेजारच्या मंगलबाईंचं. होळी झाली, नांदेडची उन्हं कडक झाली, रस्त्याच्या खांबाखांबांवर क्लासवाल्यांनी लावलेले गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो झळकायला लागले, आणि मंगलबाई पाटीभर प्रश्न घेऊन आल्या. "आजी, तुम्ही शिवानीसंगं लातूरला राहिल्या होत्या न्हाई का? आमच्या पूजासंगं मी जाणार हाय परवाच्याला. परीक्षेला शेवटचे दोन महिने हायत. काय काय न्यावं लागतंय?"

मी सांगितलं, तवा न्या, पोळपाट न्या, कूलरला लांब वायर न्या, दोन बादल्या जास्तीच्या न्या. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून घेतलं. खरं सांगायचं ते राहून गेलं. ते कॅलेंडरच्या पाठीमागं मावलं नसतं.

आमच्या मुलखात लातूरला क्लाससाठी पोर एकटं जात नाही. त्याच्यासोबत एक गॅसची शेगडी, एक कूलर आणि एक म्हातारी जाते. आई नोकरीत असते, बाप शेतात नाही तर दुकानात असतो, मग घरातलं जे माणूस रिकामं दिसेल त्याला पोराच्या सामानात बांधून धाडतात. माझा मुलगा शाळेत मास्तर, सूनबाई दवाखान्यात नर्स. यजमान जाऊन तीन वर्षं झालेली. मी देवणीचं घर बंद करून नांदेडला आले होते आणि रिकामी दिसत होते.

तीन मजली इमारत, बारा खोल्या. प्रत्येक खोलीत एक पोर आणि एक बाई. कुणाची आई, कुणाची मावशी, चार खोल्यांत आमच्यासारख्या आज्या. खोली दहा बाय बाराची. एका भिंतीला शिवानीची खाट, दुसऱ्या भिंतीला माझी, मधे शेगडी. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची खिडकी, तिच्यात दुसरं पोर, दुसरं पुस्तक. पहाटे चारपासून भिंतींमधून पाठांतर ऐकू यायचं. या बाजूनं हाडांची नावं, त्या बाजूनं आम्लांची. मला दोन महिन्यांत मनगटातली आठही हाडं पाठ झाली होती. भाकरी थापताना माझ्या तोंडून ती निघायची तेव्हा शिवानी हातातलं पुस्तक खाली न घेता म्हणायची, "आजी, परीक्षेला तूच बस."

पाण्याचा टँकर आठव्या दिवशी यायचा. त्या दिवशी बारा बाया जिन्यात कळशा घेऊन उभ्या राहायच्या आणि तेवढ्यापुरतं एकमेकींचं तोंड बघायच्या. एरवी दारं लावलेली. दुपारी उन्हाला असा एक वास सुटायचा, तापलेल्या सिमेंटचा आणि कूलरच्या शिळ्या पाण्याचा. तो वास आला की मला वाटायचं, दिवस संपणारच नाही, हा असाच भिंतीला टेकून उभा राहणार. देवणीत उन्हाळ्यात माणूस झाडाखाली तरी जातो. इथं जायचं कुठं? मी वाती वळायची. एका महिन्यात इतक्या वाती वळल्या, की नांदेडच्या घरातल्या देवांना त्या अजून पुरून राहिल्यात.

शिवानीची ही दुसरी खेप होती. पहिल्या वर्षी डॉक्टरकीचा नंबर थोडक्यात हुकला होता. आम्हाला सोडायला आलेला माझा मुलगा जिन्यात मला म्हणाला, पण तिला ऐकू जाईल अशा बेतानं, "आई, ही शेवटची बारी. यंदा न्हाई लागला नंबर, तर मी स्थळं बघायला लागतो. तू फक्त ध्यान ठेव." शिवानी खोलीत पेटी उघडत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

आणि मी ध्यान ठेवायला लागले. कारण मला डॉक्टरीण नात हवी होती. कशासाठी, ते ऐकण्यासारखं आहे. मी स्वतः मॅट्रिकला बसले होते. पाच पेपर दिले, भूगोलाचा राहिला. लोकांना मी सांगते, लग्नाची तिथी आडवी आली, त्या काळी पोरींचं कोण ऐकायचं. खोटं आहे ते. वडील म्हणाले होते, चार दिवसांनी तिथी काढू, पेपर दे. मीच म्हटलं नको. सासरकडून हिरवा शालू आला होता आणि मला तो नेसायची घाई झाली होती. एका शालूपायी मी भूगोल सोडला आणि पुढं पंचेचाळीस वर्षं जगाला दोष दिला. त्या नकाशात न भरलेल्या नद्या मी शिवानीकडून भरून घेणार होते.

शिवानीच्या हाताला मात्र लहानपणापासून वेगळीच खोड. मोडलेला रेडिओ, जुना मोबाइल, गणपतीच्या आराशीतल्या दिव्यांच्या माळा, काही टाकून द्यायची नाही. लातूरला येताना कपड्यांच्या तळाशी तिनं एक बुटांचं खोकं आणलं होतं, तारांनी भरलेलं. जानेवारीत एका रविवारी तिनं इमारतीच्या जिन्याच्या सात पायऱ्यांना पट्ट्या चिकटवल्या. खाली उतरावं तसे सूर उतरत यायचे, वर चढावं तसे चढत जायचे, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला एक दिवा. बाराही खोल्यांतली पोरं बाहेर आली. कुणी दोन पायऱ्या सोडून उड्या मारतंय, कुणी एका पायावर. एक नेहमी मान खाली घालून जाणारी पोरगी तर पाऊण तास नुसती तिसऱ्या आणि पाचव्या पायरीवर ये-जा करत होती. मालकीणबाईंनी संध्याकाळी सगळं उपटून काढायला लावलं. "ही काय जत्रा हाय का?"

मीही पोरीला रागावले. पण माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, "शिवू, त्यातली एक पट्टी आपल्या उंबऱ्यावर बसव."

तिनं माझ्याकडं बघितलं. "कशाला?"

"चोरचिलटं येतात."

"दुपारचे?"

"दुपारचेच येतात."

तिनं पट्टी बसवली. आता आठवतं, बसवताना ती ओठ आवळून हसू दाबत होती. मला तेव्हा वाटलं, आज्ञाधारक आहे.

एप्रिल लागला आणि एका दुपारी वीज गेली. कूलर थांबला तशी मला जाग आली. शिवानीची खाट रिकामी. पुस्तक उघडं, त्यावर चष्मा. डबीतला दिवा विझलेला. मी न्हाणीघर बघितलं, जिना बघितला. खाली फाटकापाशी गेले, तिथं कुणी नाही. मग वर बघितलं तर गच्चीचं दार सताड उघडं होतं.

परीक्षेच्या दिवसांत गच्चीचं दार उघडं दिसलं की अशा इमारतीतल्या बाईच्या मनात काय येतं, ते कुणी बोलत नाही. मी पायात चप्पल न घालता तीन मजले चढले. शेवटच्या पायऱ्यांवर मला हसणं ऐकू आलं. आधी पोरांचं, आणि मग एक जाडंभरडं, विहिरीतून आल्यासारखं.

गच्चीवर पाण्याच्या चालू टाक्या दोन, आणि तडकलेल्या काळ्या टाक्या चार, भंगारात द्यायच्या म्हणून बाजूला ठेवलेल्या. त्यातल्या एका टाकीच्या सावलीत सात-आठ पोरं उभी होती, रांगेत, डोक्यावर ओले टॉवेल, गळ्यात क्लासची ओळखपत्रं. एकेक जण पुढं व्हायचा, विटांवर चढून टाकीच्या तोंडात डोकं घालायचा आणि काहीतरी बोलायचा. आत दिव्यांच्या माळा गोल गोल गुंडाळलेल्या, एका जुन्या बॅटरीला जोडलेल्या. हळू बोललं तर तळाशी एकच कडं उजळायचं, ओरडलं तर कडी चढत चढत टाकीच्या तोंडापर्यंत यायची. मग टाकी बोलायची. पण तुमचं नाही. तुमचं वाक्य ती ठेवून घ्यायची आणि तुमच्या आधी जो बोलून गेला त्याचं वाक्य तुम्हाला द्यायची, आवाज असा जाड करून की कुणाचा ते ओळखू येऊ नये. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी जिन्याच्या भिंतीआड उभी राहून फक्त एवढंच बघत होते, की माझी नात पोटाला हात धरून हसतेय. दिवाळीपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. पाय भाजत होते म्हणून खाली आले, असं मी स्वतःला सांगितलं. खोलीत शिरताना थबकले. यंत्र बिघडलं असेल का? मग आयुष्यात पहिल्यांदा मी उंबऱ्यावर पाय दिला. 'टुंग'. दिवा लागला. मी परत दिला. 'टुंग'. तिथंच दारात बसून राहिले. लाज वाटली म्हणावं, तर मला हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवानी क्लासला गेल्यावर मी धुणं घेऊन वर गेले. धुणं निमित्तालाच, एक टॉवेल आणि माझं पोलकं. टाकीच्या विटांवर चढले, पदर खोचला, आत डोकं घातलं. आत काळोख, गरम प्लॅस्टिकचा वास, आणि आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो असं काहीतरी. मी म्हटलं, "कोण हाय?" तळाची दोन कडी उजळली. आणि खालून तो जाडा आवाज आला.

"खाली जावंच वाटत नाही."

एवढंच. कोण बोललं होतं? आदल्या दुपारी शेवटी जो कुणी राहिला असेल तो. किंवा ती. मी घाबरून विचारलं, "कोण गं तू?" तर टाकीनं माझाच आधीचा प्रश्न मला परत दिला, जाड करून. "कोण हाय?"

मी किती वेळ तिथं होते आठवत नाही. टॉवेल वाळला होता. वाक्य कुणाचंही असू शकत होतं. बारा खोल्या, बारा पोरं. तिसऱ्या-पाचव्या पायरीवर ये-जा करणारी ती पोरगी असेल. माझी शिवू असेल. पुढचे दिवस मी जिन्यात उतरणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि प्रत्येकाचं तोंड ते वाक्य बोलल्यासारखंच दिसत होतं.

विटांवरून उतरण्याआधी मी टाकीत एक वाक्य ठेवलं. आता दुपारी जो पहिला येईल त्याला ते मिळणार होतं. काय ठेवावं? धीर धरा म्हणावं, तर ते खांबाखांबावर लिहिलेलंच होतं. मग खरं होतं तेच ठेवलं. "मलाबी इथं करमत न्हाई बापा." त्या दुपारी गच्चीवरून हसण्याचा असा लोट आला की खालच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

मुलाला फोन करायचा की नाही, हा एकच विचार मी आठ दिवस चघळत होते. सांगितलं तर तो त्याच दिवशी येणार, पोरीला बोलणार, खोकं उचलून नेणार, मालकीणबाई गच्चीला कुलूप घालणार. मग ते 'खाली जावंच वाटत नाही' कुठं जाणार? टाकीत होतं तोवर निदान टाकीत होतं. आणि नाही सांगितलं, उद्या काही झालं, तर? दर संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "कसा चाललाय अभ्यास?" मी म्हणायची, "करून राहिली बापा, लई करून राहिली."

मालकीणबाई एकदा आल्याच. "आजी, गच्चीत पोरं जमून राहिलीत म्हणं. मी कुलूप घालून टाकते."

"घाला की," मी म्हटलं. "पण मग पोरं पाठांतर कुठं करतील? जिन्यात?"

"पाठांतर?"

"एक विचारतो, एक सांगतो. मागच्या वर्षी त्या पलीकडच्या इमारतीत असंच करायचे म्हणं. तिघांचा नंबर लागला."

मालकीणबाईंनी किल्ली कमरेला परत खोचली. ते तिघं कोण, ते मला आजही माहीत नाही.

आणि मी झोपायला लागले. म्हणजे सोंग करायला. दुपारी दीड वाजता भिंतीकडं तोंड, डोळ्यांवर पदर. मागं पुस्तक हळूच खाली ठेवल्याचा आवाज, चष्म्याच्या काड्या मिटल्याचा आवाज, मग काहीच नाही. ती उंबरा ओलांडताना तेवढा क्षण मी श्वास धरून ठेवायची. मग दीड तास तशीच. झोपेच्या सोंगाइतकं कष्टाचं काम मी शेतातही केलं नाही. हलता येत नाही, खाजवता येत नाही. पहारेकरीण होते, आता माझ्याच खाटेवर मला कोंडून घातलं होतं, आणि कडी आतून लावलेली. कान मात्र गच्चीवर. हसणं आलं की बरं वाटायचं, थांबलं की पदराआड डोळे उघडायचे. तीन वाजता जिन्यात तिची पावलं यायची. खाटेची करकर, पान उलटल्याचा आवाज. मग मी आळोखेपिळोखे देत उठायची आणि म्हणायची, "लई झोप लागली बाई." ती म्हणायची, "हाव, दिसलंच."

परीक्षा झाली. नंबर लागला नाही, गेल्या वर्षीपेक्षाही लांब राहिला. मुलगा सामान न्यायला आला तेव्हा त्याचं तोंड असं होतं की मी त्याच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि मागं सरकले. तो म्हणाला, "बास झालं. नांदेडला गेलो की स्थळं बघायला लागतो."

मी म्हटलं, "बघायचीच तर माझ्यापासून सुरू कर. मी मोकळीच हाय."

त्याला हसायचं नव्हतं. आधी नाकातून आलं, मग ठसका लागला. तेवढ्या फटीतून मी त्याला भूगोलाच्या पेपराचं सांगितलं, खरं खरं, शालूसकट. त्याला ते माहीत नव्हतं. मग त्याला गच्चीवर नेलं. तो विटांवर चढला, टाकीत डोकं घातलं, आणि बराच वेळ आतल्या माळा न्याहाळत राहिला. बाहेर आला तेव्हा केसांना जाळं लागलेलं. शिवानीला त्यानं विचारलं, "ह्याचं कॉलेज असतंय का?" ती म्हणाली, "असतंय." पुढं महिनाभर तो आम्हा दोघींशी नीट बोलला नाही. मग एके दिवशी फॉर्म घेऊन आला.

आता ती अशीच कामं करते. गेल्या महिन्यात नांदेडला एका हॉलमध्ये तिनं धान्याच्या जुन्या पत्र्याच्या कोठ्या मांडल्या होत्या, अर्धा काळोख करून. एका कोठीला एकट्यानं हात लावला तर काही होत नाही. दोन कोठ्यांना दोन माणसांनी हात लावायचा आणि मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, की आतून ज्वारी ओतल्यासारखा आवाज येतो आणि पत्र्याच्या भोकांतून उजेड सांडतो. धर्माबादकडचं एक म्हातारं जोडपं दवाखान्याच्या कामाला आलेलं, सावली म्हणून आत शिरलं. म्हातारबुवा कोठीला हात लावून उभे, दुसरा हात खिशात. म्हातारी म्हणाली, "धरा की हात. कोण बघून राहिलंय?" सगळा हॉल बघत होता. त्यांनी हात धरला, तो उजेड गेल्यावरही सोडायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

शेवटच्या दिवशी हॉल रिकामा झाल्यावर शिवानी जमिनीवर बसून वायरी गुंडाळत होती, कोपर आणि अंगठ्याभोवती, आम्ही दावं गुंडाळतो तशा. मी कोठीला टेकून बसले होते. इतकी वर्षं सांभाळलेलं माझं गुपित, माझी एकुलती एक हुशारी, मला त्या दिवशी राहवेना. मी म्हटलं, "शिवू, तुला एक सांगू का? लातूरला त्या महिन्यात तू दुपारची गच्चीवर जायचीस ना, तेव्हाचं. मी झोपलेली नसायची. जागी असायची."

तिचा हात थांबला नाही. वायरीचं टोक तिनं वेढ्यात खोचलं, पुढची वायर ओढून घेतली आणि मान वर न करता म्हणाली,

"आजी, तू खरी झोपलीस की घोरतेस. त्या महिन्यात एक दिवसबी घोरली न्हाईस. म्हणून तर मी रोज खाली यायची."